फ्रिजमध्ये गॅस भरला, पंधरा दिवसांनी पुन्हा दूध नासलं: फ्रॉस्ट फ्री फ्रिजवाल्यांनी हे आधी वाचा

गंगाखेड तालुक्यातल्या एका घरातला हा फ्रिज. डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा. 2022 च्या दसऱ्याला परभणीत मोंढ्याजवळच्या दुकानातून घेतलेला. बिल करताना काउंटरवरच्या पोराने "एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या काकू, पाच वर्षं बघायचं काम नाही" म्हणून 2,800 रुपये वेगळे लावले. 2025 च्या एप्रिलमध्ये खालच्या कप्प्यात दूध नासायला लागलं, भाजी मऊ पडायला लागली. वरच्या फ्रीजरमध्ये मात्र बर्फ दगडासारखा होता. पुढच्या महिनाभरात त्या घरातून 7,500 रुपये गेले आणि फ्रिज होता तसाच राहिला. बिघडला होता एक थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की आतल्या हीटरची वीज तोडणारा छोटा भाग. तो दोनशे-अडीचशे रुपयांत येतो.

उन्हाळा लागला की अशी फसवणूक गावोगाव होते. फ्रिज उघडून आत काय होतं हे घरच्यांना माहीत नसतं, त्यावरच सगळा खेळ चालतो. म्हणून जे झालं ते क्रमाने सांगतो.

पहिली चूक नंबरची. घरच्या मुलाने मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं, वर आलेल्या पहिल्याच नंबरला फोन लावला. तो कंपनीचा नव्हता. असे नंबर लावणारे दोन प्रकारचे असतात. एक जण 'नोंदणीचे 10 रुपये भरा' म्हणून लिंक पाठवतो किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप उतरवायला लावतो आणि खातं रिकामं करतो. तसं झालं तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. दुसरा जण खरोखरच माणूस पाठवतो. इथे दुसरा होता. कंपनीचा नंबर फ्रिजवरच्या स्टिकरवर, वॉरंटी कार्डावर नाहीतर पुस्तिकेत असतो, तोच घ्यायचा. तक्रार नोंदवली की मेसेजमध्ये तक्रार क्रमांक येतो. दारात आलेल्या माणसाला आधी तो क्रमांक विचारायचा. त्याला सांगता आला नाही, तर फ्रिजला हात लावू द्यायचा नाही.

आलेल्या पोराने फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे बसला, प्रोसेस ट्यूब (कॉम्प्रेसरची गॅस भरायची बंद नळी) कापून तिथे पिन वॉल्व्ह (गॅस भरायचं तोंड) जोडला, गेज (दाबाचं मीटर) लावला आणि घरच्यांना बोलावून दाखवलं. "ताई, हे बघा, काटा शून्याच्या बी खाली गेलाय. गॅसच नाही राहिला." काटा खरंच शून्याखाली होता. पण आताच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-600ए हा गॅस असतो आणि फ्रिज चालू असताना त्याचा सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या बाजूचा, दाब हवेच्या दाबापेक्षा कमीच असतो. काटा शून्याखाली जाणं ही त्या गॅसची नेहमीची चाल आहे. ते बिघाडाचं लक्षण नाही. जुन्या आर-134ए च्या फ्रिजवर काटा शून्याच्या वर दिसायचा. तीच सवय पुढे करून गिऱ्हाइकाला घाबरवलं जातं.

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे आणि लीक न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार. नीट काम कसं करतात तेही माहीत असू द्या. आधी नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे. लीक सापडलं की जोड बंद करायचा, ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा धरणारा छोटा फिल्टर) नवा बसवायचा, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा आणि मग वजनकाट्यावर तोलून गॅस सोडायचा. किती ग्रॅम ते फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए साधारण 40 ते 60 ग्रॅमच बसतो. त्यात 10 ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी थंडावा बिघडतो. या पोराजवळ वजनकाटा नव्हता, पंपही नव्हता. पाऊण तासात काम उरकलं, 3,200 घेतले, बिल दिलं नाही. जुना ड्रायर जागेवरच होता, त्याच्या दोन्ही टोकांना कारखान्याचा काळा रंग तसाच. नवा ड्रायर बसवताना दोन्ही टोकांना गॅस वेल्डिंग होतं आणि तिथला रंग जळतो. ही खूण कुणालाही मोबाइलचा उजेड मारून बघता येते. ड्रायरचे पैसे मागितले तर जुना ड्रायर हातात मागून घ्या.

आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्याच घराण्यातला. त्याची नळी कापून स्वयंपाकघरात वेल्डिंगची टॉर्च पेटवणं जिवावर बेतू शकतं. दारंखिडक्या न उघडता कुणी असं करत असेल तर काम तिथेच थांबवा.

आता मुख्य गोष्ट. गॅस भरल्यावर फ्रिज बारा दिवस छान चालला. म्हणून घरच्यांना वाटलं, गॅसच कमी होता. असं का झालं ते समजलं, तर पुढच्या वेळी कुणी फसवू शकणार नाही.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंड करणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड असते. पंखा तिच्यावरून हवा ओढतो आणि वर-खाली सोडतो. कॉइलवर हिम साचतंच, म्हणून काही तासांनी एक हीटर आपोआप चालू होऊन ते वितळवतो. पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. हीटर, सेन्सर किंवा बायमेटल (तापमान ओळखणारा भाग), थर्मल फ्यूज आणि त्यांना चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड किंवा टायमर, यांतलं एक जरी गेलं तरी हिम वितळत नाही. आठ-पंधरा दिवसांत कॉइल बर्फात गाडली जाते, हवेची वाट बंद होते. फ्रीजर कॉइलला लागून असल्यामुळे गार राहतो, खालचा भाग तापतो. आता तो पोरगा काम करत असताना फ्रिज बंद होता, दारं उघडी होती आणि 'गॅस सेट होऊ द्या, सहा तास लावू नका' असंही तो सांगून गेला. एप्रिलच्या उन्हात तेवढ्या वेळात बर्फ वितळला. फ्रिज चालला तो बर्फ वितळल्यामुळे, भरलेल्या गॅसमुळे नव्हे. बर्फ पुन्हा साचायला लागले तेच बारा दिवस.

दुसऱ्या वेळी त्याने 'किट गेलं' म्हणून तेच इलेक्ट्रॉनिक कार्ड काढून नेलं, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी आणून लावलं आणि 4,300 घेतले. फ्रिज रात्रभर बंद होता. पुन्हा दहा-बारा दिवस गारवा.

हे तपासायला मिस्त्री लागत नाही. फ्रीजरमध्ये बर्फ होतोय आणि खाली गार होत नाही, असं असेल तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास सोडा, खाली फडकी टाका. नंतर चालू करा. आठवडा-दोन आठवडे उत्तम चालून पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवण्याचाच, बिघाड धरा. गॅस भरू देऊ नका. मिस्त्री आला की फ्रीजरचं मागचं पॅनल उघडायला सांगा आणि स्वतः डोळ्यांनी बघा. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ असेल तर गॅस बरोबर आहे. कॅपिलरी, म्हणजे गॅस आणणारी बारीक नळी, जिथे आत शिरते तिथल्या दोन-तीन वेढ्यांवरच हिम आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तरच गॅस कमी असल्याचा संशय घ्यायचा. मग मल्टिमीटर. थर्मल फ्यूजला कंटिन्युइटी आली पाहिजे, म्हणजे तो आतून तुटलेला नसावा. हीटर 150 वॅटचा असेल तर रेझिस्टन्स साडेतीनशे ओहमच्या आसपास दाखवेल. दाराचं बटण दाबून पंखा फिरतो का तेही ऐका. पंखा बंद असला तरी लक्षणं अशीच दिसतात.

तिसऱ्यांदा दूध नासलं तेव्हा घरच्यांना एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद आठवला. तो कागद फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचा नव्हताच. दुकानाने दुसऱ्याच एका कंपनीची योजना विकली होती. त्यांचा माणूस आला, पिन वॉल्व्ह पाहिला, 'बाहेरच्याने सिस्टिम उघडली' असं लिहून दावा नाकारला. फ्रिजच्या कंपनीनेही कॉम्प्रेसरच्या 10 वर्षांच्या वॉरंटीतून हात काढून घेतले, कारण तेच. चांगली सीलबंद असलेली गॅसची नळी उगाच कापल्याचं खरं नुकसान इथे झालं. शिवाय त्या पिनमधून बारीक गळती असेल तर आर-600ए च्या फ्रिजमध्ये बाहेरची हवा आणि ओल आत ओढली जाते. पुढे कॅपिलरी तुंबते, तेल खराब होतं आणि एक दिवस कॉम्प्रेसर बसतो.

'10 वर्षांची वॉरंटी' हे शब्द ठळक असतात. ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर या भागाची असते. गॅस, ड्रायर, मजुरी आणि खेड्यात यायचा खर्च सहसा तुमच्याकडेच.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का, याचं उत्तर वस्तूप्रमाणे बदलतं. सिंगल डोअर फ्रिज, सेमी ऑटोमॅटिक मशीन, गिझर, कूलर, मिक्सर यांना घेऊ नका. त्यांचे नेहमीचे बिघाड रिले, ओव्हरलोड, कपॅसिटर, पंप, थर्मोस्टॅट असे असतात, कुठल्याही तालुक्याला काही शे रुपयांत दुरुस्त होतात. इन्व्हर्टर एसीचं बाहेरच्या युनिटचं कार्ड, फ्रंट लोड मशीनचं कार्ड किंवा ड्रमचं बेअरिंग, मोठ्या टीव्हीचं पॅनल हे भाग महाग. टीव्हीचं पॅनल तर टीव्हीच्या अर्ध्या किमतीलाही जातं. तिथे घेतलेली बरी, पण बनवणाऱ्या कंपनीचीच आणि तुमच्या तालुक्यात तिचा सर्व्हिस माणूस येत असेल तरच. पैसे देण्याआधी अटींचा कागद मागा. दुकानदार 'नंतर मेलवर येतो' म्हणाला तर घेऊ नका. त्यात बघायचं ते असं: वॉरंटी कुणाची, वर्षागणिक रक्कम घटते का, कार्ड त्यात येतं का, आणि व्होल्टेज, उंदीर, पाण्याचा क्षार हे वगळले आहेत का.

शेवटच्या तीन शब्दांवर मराठवाड्यात दावे अडतात. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार वॉशिंग मशीनच्या इनलेट वॉल्व्हच्या जाळीत आणि हीटरवर बसतो. शेतातले पंप चालू झाले की डीपीच्या शेवटच्या घरांना 170-180 व्होल्टच मिळतात. नकार व्होल्टेजच्या नावाखाली आला तर जळालेला भाग आणि लेखी कारण मागा. व्होल्टेज वाढून कार्ड गेलं असेल तर त्यावरचा एमओव्ही, म्हणजे बहुधा निळा गोल बिल्ला, बहुतेकदा तडकलेला किंवा काळा पडलेला असतो. तो शाबूत असेल तर नुसत्या शब्दावर ते कारण मान्य करू नका. लाइटचा त्रास असेल तर महावितरणला 1912 वर तक्रार देऊन क्रमांक लिहून ठेवा.

त्या घराने शेवटी कार्ड आणि गॅसला हात न लावणाऱ्या मिस्त्रीकडून थर्मल फ्यूज बदलून घेतला. फ्रिज चालू आहे, मागची पिन तशीच आहे. तक्रारीची तयारी चालली आहे. पैसे घेऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करायची. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. मुदत 2 वर्षांची, वकील सक्तीचा नाही, दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुकान किंवा कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दुकानाचं बिल थर्मल कागदाचं होतं, त्यावरची अक्षरं पार उडाली आहेत. हातात आहेत त्या यूपीआयच्या दोन नोंदी, 3,200 आणि 4,300 च्या, आणि मुलाने पहिल्या दिवशी सहज काढलेला एक फोटो. त्यात तो पोरगा फ्रिजमागे बसलेला आहे, गेजचा काटा शून्याखाली आहे आणि शेजारी जुना ड्रायर काळ्या रंगासकट दिसतो आहे.