जुना बॅकहो लोडर : 8 महिने, 740 तासांनंतरचा अनुभव

8 महिन्यांपूर्वी मी 12 वर्षं जुना बॅकहो लोडर (पुढे माती भरायची बकेट आणि मागे खोदाईचा हात असलेलं टायरचं मशीन) घेतला. तेव्हा आवरमीटरवर 6,380 तास होते, आज 7,120 आहेत. कामं नेहमीचीच: पाइपलाइनचे चर, घरांचे पाये, भराव, ट्रकमध्ये माती भरून देणं. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती आणि मोठ्या हप्त्याचं ओझं नको होतं. घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण पैसा नेमका कुठे गेला, कशानं वाचला, हे घेण्याआधी मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मन चेनच्या एक्स्कॅव्हेटरवर होतं. खोदाईला तोच जोरकस. पण अशा मशीनच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीखर्चातला जवळपास निम्मा वाटा चेन आणि तिला फिरवणारी-पेलणारी चाकं, म्हणजे रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट, खातात. हे भाग झिजलेले असतील तर स्वस्तात मिळालेलं मशीन पहिल्याच वर्षी महाग पडतं. शिवाय एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायला दरवेळी ट्रेलर लागतो. टायरचं मशीन स्वतःच्या चाकांवर जातं आणि एकाच मशीनमध्ये पुढे लोडर, मागे खोदाई. माझ्यासारख्या एकट्या माणसाला हेच परवडण्यासारखं होतं.

एकूण 5 मशीनं पाहिली. प्रत्येक वेळी विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचो, की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. एका ठिकाणी बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच गरम. चालू कशाला केलं म्हणून विचारलं, तर उत्तर धड आलं नाही. मी तिथूनच परत फिरलो. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर चालू होतं, धूर कसला निघतो, तो किती वेळ राहतो, हे गरम इंजिनात कळायला मार्गच नसतो. चालू झाल्यावर थोडा पांढरा धूर निघून गेला तर हरकत नाही. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहावं. तिथून भकाभका हवा बाहेर येत असेल तर पिस्टन-रिंगांचं काम जवळ आलेलं असतं.

आवरमीटरवर मी फारसा विसंबलो नाही. मीटर बदलता येतो, वायर काढून बंदही ठेवता येतो. त्यापेक्षा पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, सीटची कड आणि मुख्य म्हणजे पिन-बुश (सांध्यातली जाड पिन आणि ती ज्यात फिरते ती नळी) पाहिले. मागच्या बकेटचे दाते जमिनीवर अलगद टेकवायचे आणि लिव्हर अगदी थोडा मागेपुढे करायचा. बकेट हलण्याआधी पिनेपाशी किती हालचाल होते, ते डोळ्यांनी दिसतं. मग बूम, म्हणजे मागचा खोदाईचा हात, लांब करून टोकाला धरून बाजूला ढकलून पाहायचं. हा हात ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो त्या किंगपोस्टमधला ढिलेपणा तिथे कळतो.

इथे माझी एक चूक झाली. बकेटच्या पिनांवर ताजं ग्रीस ओसंडून वाहत होतं आणि मला वाटलं, मालकानं मशीन जपलंय. घट्ट ग्रीस ठासून भरलं की खडखड दबते, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे बुश बदलायला काढले तर भोकच अंडाकृती झालेलं. नवा बुश त्यात बसेना. वेल्डिंगनं भरून लाइन बोरिंग (भोक पुन्हा गोल आणि सरळ रेषेत कापणं) करून घ्यावं लागलं आणि मशीन सलग 6 दिवस उभं राहिलं. ऐन कामात दुसरं मशीन भाड्यानं आणून शब्द पाळावा लागला. आता कुणासोबत मशीन पाहायला गेलो, तर पिनेवरचं ग्रीस आधी पुसायला लावतो.

हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर बूम-बकेट हलवणाऱ्या यंत्रणेची, तपासणी मात्र नीट केली होती. थंड तेल दाट असतं, त्यामुळे झिजलेला पंपसुद्धा सुरुवातीला जोर दाखवतो. म्हणून तासभर खरोखर खोदाई करून तेल तापवलं. मग बूम उचलून इंजिन बंद केलं, सिलिंडरच्या तोंडाशी रॉडवर खडूची खूण केली आणि खाली कुणाला फिरकू न देता 10 मिनिटं थांबलो. रॉड साधारण इंचभर सरकला. सोबतचा मिस्त्री म्हणाला, सील नाहीतर व्हॉल्व्ह, दोन्हींपैकी एक. पंपाचा जोर गरम तेलातही टिकून होता, म्हणून सौदा मोडला नाही, पण ती खूण विकणाऱ्याला दाखवून भाव कमी करून घेतला. नंतर सीलकिट बदलल्यावर सरकणं जवळजवळ थांबलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी मशीनवर वाचा, आणि मशीनवर कुणाचं कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता पैशाचं. खरेदीच्या रकमेच्या चौथाई एवढे पैसे मी वेगळे ठेवले होते. पहिल्या 3 महिन्यांत त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त संपले: सगळी तेलं आणि फिल्टर, 6 होज पाइप, बूमच्या सिलिंडरचं सीलकिट, बॅटरी, पिन-बुश आणि ते बोरिंग. हे पैसे बाजूला नसते तर मशीन दारात उभं राहिलं असतं. म्हणून बजेट ठरवताना हातातली सगळी रक्कम मशीनच्या भावात घालू नका. भाव थोडा कमी असलेलं मशीन आणि हाताशी दुरुस्तीचा पैसा, हे मला कितीतरी बरं वाटतं.

तेल बदलताना हायड्रॉलिकचा जुना रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं तेल गाळणारा) मी फेकला नाही. पत्रा कापला, आतला कागद उलगडून उन्हात पसरला. पितळी चमक दिसली असती तर पंपाचं काही खरं नव्हतं. चमक नव्हती, चुंबकालाही जवळपास काही चिकटलं नाही. काळ्या रबराचे बारीक तुकडे मात्र सापडले. एक जुना होज आतून सोलत होता. तो वेळेत बदलला गेला.

होजवरून आठवलं, आणि हे मनापासून सांगतोय. पाचव्या आठवड्यात एका पाइपला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं. धुक्यासारखा फवारा दिसत होता, पण येतो कुठून ते कळेना. ऑपरेटर हातानं चाचपायला निघाला, तेव्हा मी ओरडून त्याला मागे ओढलं. आतमध्ये 200 बारच्या वर दाब असतो. ते तेल कातडीतून थेट आत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत मांस सडायला लागतं, आणि लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही जाऊ शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा पाइपाजवळून फिरवा. दुरुस्तीआधी इंजिन बंद, बूम-बकेट जमिनीवर आणि लिव्हर हलवून दाब सोडलेला. आमच्याकडे आता केबिनमध्ये पुठ्ठा कायम असतो.

एक खर्च मात्र वाचला. दुपारी तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला. एका मिस्त्रीनं नवा रेडिएटर सुचवला. पण आधी सगळं खोलून पाहिलं, तर ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि तेल मिळून जाड थर बसला होता. आतून बाहेर हवा मारत, थोडं थोडं पाणी सोडत अर्धा दिवस साफ केलं. त्यानंतर काटा वर गेलेला नाही.

रोजची शिस्त एवढीच: सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक निपलला ग्रीस, तेल-पाण्याची पातळी, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढणं. इंजिन ऑइल दर 250 तासांनी. ग्रीसला सकाळची 15 मिनिटं जातात. बोरिंगनंतर बसवलेले बुश अजून घट्ट आहेत, ते या 15 मिनिटांमुळेच, असं माझं मत आहे. एअर फिल्टरमधला आतला छोटा फिल्टर हवा मारून साफ करू नका, तो बदलायचाच असतो.

डिझेल तासाला साधारण 5 ते 6 लिटर लागतं, कडक जमिनीत त्याहून जास्त. 8 महिन्यांत बिघाडामुळे मशीन एकूण 19 दिवस उभं राहिलं, त्यातले 14 पहिल्या 3 महिन्यांतले. खोदाईची ताकद माझ्या कामाला पुरते. मुरूम निघतो, मोठ्या दगडात मात्र दमतं.

सध्या दोन गोष्टींवर लक्ष आहे. मागच्या टायरांची नक्षी संपत आलीय. आणि सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकला, की गिअर धरायला क्षणभर वेळ लागतो. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून पाहिला, तेलाला जळका वास नव्हता, उशीरही थोडा कमी झालाय. तरी दर तासाच्या कमाईतून ठरावीक रक्कम मी त्यासाठी बाजूला काढायला सुरुवात केलीय.