गाळणी कुठे लावायची: शीटवर की ब्राउझरमध्ये?

गूगल शीटमधला डेटा गूगल चार्ट्समध्ये (वेबपानावर आलेख काढायचं गूगलचं साधन) गाळायचे, म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी घ्यायचे, दोन मार्ग आहेत. पहिला क्वेरीचा, म्हणजे कोणते रकाने आणि कोणत्या ओळी हव्यात ते सर्व्हरला सांगणाऱ्या विनंतीचा. ‘सिलेक्ट ए, डी व्हेअर बी = "कांदा"’ एवढं लिहिलं (ए, बी, डी ही रकान्यांची अक्षरं, बीमध्ये पिकाचं नाव) की सर्व्हरवरून फक्त कांद्याच्या ओळी येतात. शीट हजारो ओळींची असेल तर मी हाच घेते. पण मध्येच कुणी नवा रकाना घातला की अक्षरं सरकतात, आणि आलेख रिकामा येतो किंवा भलताच रकाना काढतो.

दुसरा डॅशबोर्डचा. सगळा डेटा एकदाच ब्राउझरमध्ये आणून आलेखाला कॅटेगरीफिल्टर, म्हणजे यादीतून निवड करायची गाळणी, जोडायचा. पीक बदललं की आलेख लगेच बदलतो. पाच-सहाशे ओळींना हाच बरा.

आणि क्वेरीने गाळलं म्हणजे बाकीच्या ओळी लपल्या, असं कृपा करून समजू नका. शीट सगळ्यांना खुली असेल तर क्वेरी बदलून त्या कुणीही वाचू शकतं.