ईस्टरचं आंतरधर्मीय शिबिर: जरूर जा, पण जागरणाची वेळ आधी विचारा

पुढच्या ईस्टरच्या शिबिराची नोंदणी सुरू झाली आहे आणि मी गेल्या खेपेला जाऊन आले म्हणून बरेच जण विचारताहेत, जावं का? जावं. पण पैसे भरण्याआधी आयोजकांना एक प्रश्न लेखी विचारा: शनिवारचं पास्का जागरण, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची मुख्य उपासना, किती वाजता सुरू होणार? शुक्रवारी वेगवेगळ्या धर्मांच्या वक्त्यांची चर्चा आणि क्रुसाची वंदना, शनिवारी मौन, रंगकाम आणि जागरण, पुढे ऑनलाइन भेटी, आणि हे सगळं ईस्टरचा गाभा ‘सखोल अर्थाने’ समजून घेण्यासाठी, अशी शिबिराची रूपरेषा; तिचा तपशील परत देत नाही. मला बोलायचं आहे ते या वेळेबद्दल. इतके महिने झाले तरी माझा त्यावरचा राग गेलेला नाही.

जागरणाची सुरुवात नवा अग्नी पेटवून होते. आमच्या वेळी तो पेटवला तेव्हा हिरवळीवर चक्क ऊन होतं. पास्काची मेणबत्ती मन लावून तयार केली होती: वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरं, मधल्या क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच खडे. तिच्यावरून प्रत्येकाने आपापली छोटी मेणबत्ती पेटवून घेतली. पण उन्हात ज्योत दिसेचना. माझ्या शेजारच्या बाई पेटली की नाही हे वर तळहात धरून पाहत होत्या. आत गेलो तर सभागृहातले दिवे चालू. त्या लख्ख उजेडात, ‘हीच ती रात्र’ असं पुन्हा पुन्हा सांगणारं प्राचीन स्तोत्र गायलं गेलं. गाणाऱ्यांनी जीव ओतला होता, म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

हा हट्ट माझ्या मनचा नाही. रोमन कॅथलिक विधीचा नियमच आहे की हे जागरण अंधार पडल्यावर सुरू व्हावं आणि रविवार उजाडायच्या आत संपावं. मधली कित्येक शतकं ते सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन ठेपलं होतं. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये ते प्रायोगिक म्हणून रात्री करायची परवानगी दिली आणि १९५५ मध्ये सगळ्या चर्चसाठी तसा आदेश काढला. जी गोष्ट इतक्या खटपटीने अंधारात परत आणली, ती आम्ही सोयीसाठी पुन्हा उजेडात ओढली. बायबलमध्ये येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत; त्यांतल्या योहानच्या शुभवर्तमानात येशूची शिष्या मरीया मग्दालीया त्याच्या कबरेकडे जाते तीही अंधार असतानाच. तिला दिसतं ते एवढंच की कबरेच्या तोंडावरची धोंड बाजूला झाली आहे. ईस्टरचा गाभा ‘सखोल अर्थाने’ समजून घ्यायला बोलावलं असेल, तर अंधार हा त्यातला मुख्य भाग आहे. तोच कापला, तर उरलेल्या व्याख्यानांसाठी घर सोडून जायची गरज नाही.

शनिवारची सकाळ मात्र अप्रतिम. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची नेहमीची मुख्य उपासना, नसते, वेदी उघडी-रिकामी असते. आम्हाला मौन दिलं होतं आणि पाहायला एकच चित्र: इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमधल्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्राची मोठी प्रत. ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरला आहे, पायाखाली मोडलेली दारं, इतस्ततः पडलेली कुलपं, आणि तो आदाम-हव्वेला थडग्यांतून वर ओढतो आहे. नीट पाहिलं तर त्याने दोघांना मनगटाला धरलं आहे. त्यांचे हात त्याला धरू शकत नाहीत, सगळा जोर त्याचाच. मी ख्रिस्ती नाही, पण त्या मनगटांपाशी बराच वेळ बसून राहिले. घरात आजारपण आलं तेव्हा, मदत मागण्याइतकंही त्राण नसलेल्या माणसाजवळ बसताना, मला आधार झाला तो याच चित्राचा. दुपारी लगेच रंगकामाची कार्यशाळा घुसडली नसती तर ते मौन आणखी खोल गेलं असतं.

शुक्रवारच्या चर्चेबद्दल माझं मत आता पार बदललं आहे. तिथल्या अभिप्राय-पत्रात मी तिला सर्वांत कमी गुण दिले होते, कारण कोणाचंच कोणाशी जुळत नव्हतं. मुस्लिम वक्त्यांनी शांतपणे सांगितलं की कुराणाच्या चौथ्या सूरेतल्या १५७ व्या आयतीप्रमाणे ईसांना (येशूंना) मारलंही नाही आणि सुळावरही चढवलं नाही, त्यामुळे क्रुसाच्या वंदनेला त्या हजर राहतील, वंदन करणार नाहीत. यहुदी वक्त्यांनी सांगितलं की गुड फ्रायडे हा त्यांच्या पूर्वजांसाठी अनेक ठिकाणी दारं लावून बसायचा दिवस होता. त्या दिवशीच्या कॅथलिक प्रार्थनेतलं यहुद्यांविषयीचं अपमानास्पद विशेषण १९५९ मध्ये निघालं, आणि ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या जागतिक सभेने, १९६५ मध्ये जाहीर केलं. सूत्रसंचालक दर थोड्या वेळाने ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ म्हणत होते आणि तेव्हा मला ते बरं वाटत होतं. आज ते वाक्य आठवतही नाही. आठवतात त्या, सगळे वंदनेला उठले असताना हात जोडून आपल्या जागी बसलेल्या त्या मुस्लिम वक्त्या. आपलं न सोडता दुसऱ्याच्या दुःखापाशी बसता येतं, हे मी तिथे पाहिलं. चर्चेला आज पूर्ण गुण देईन.

आता पैशांचा भाग. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्ट या सणापर्यंत पन्नास दिवसांचा, म्हणून तोवर दर आठवड्याला ऑनलाइन भेट शुल्कातच धरली होती. दोनेक आठवड्यांत भेटी बंद. विचारलं तर ‘प्रतिसाद कमी आहे’, आणि शुल्क परत मिळत नाही. ज्या सेवेचे पैसे आधी घेतले ती एकतर्फी बंद करणं कुठल्याही व्यवहारात चालत नाही, अध्यात्माच्या नावाखाली तर मुळीच चालू नये. मी पत्रामागून पत्र पाठवली. शेवटी त्यांनी दुवा पुन्हा सुरू करून दिला, पण मार्गदर्शक दिला नाही.

मग आम्हीच शुभवर्तमानं वाचत बसलो, आणि हा भाग शिबिरापेक्षाही मोलाचा ठरला. पुनरुत्थानाचा प्रत्यक्ष क्षण चारही शुभवर्तमानांत कुठेच वर्णिलेला नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत तर गोष्ट संपते ती स्त्रिया घाबरून कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत इथेच. त्यावर आमची एक अख्खी बैठक गेली. मुस्लिम वक्त्या शेवटपर्यंत येत राहिल्या.

हे लिहीत असतानाच आयोजकांचं उत्तर आलं. उजेडात जागरण ठेवण्याचं कारण वयस्क मंडळींचा रात्रीचा परतीचा प्रवास हे होतं. कारण खरं आहे, मला पटलं. पण उपाय वेळ बदलणं हा नव्हे, मुक्काम एक रात्र वाढवणं हा आहे. तसा विचार चालू आहे असं ते म्हणतात. तुम्ही नोंदणी करणार असाल तर ‘अंधार पडल्यावर’ हे शब्द वेळापत्रकात छापून येईपर्यंत थांबा, आणि पुढच्या ऑनलाइन भेटी कोण घेणार त्यांचं नावही आत्ताच मागून घ्या.