मिरजेतील एक हृदयशस्त्रक्रिया विभाग : आत्याच्या बायपासनंतरचा अभिप्राय

शल्यविशारदांचे कौशल्य जोखण्याची माझी पात्रता नाही. माझ्या 67 वर्षांच्या आत्याच्या हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, मिरजेतील एका रुग्णालयात तिची बायपास झाली आणि आज ती वाळवा तालुक्यातील आपल्या घरी सुनांना सूचना देत बसली आहे, यापुढे त्या कौशल्याला मी निराळे गुण काय देणार? शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर 13 दिवसांत जे पाहिले, त्याविषयी मात्र मी जबाबदारीने लिहू शकतो. पुढे एक तक्रारही असल्यामुळे रुग्णालयाचे नाव घेत नाही.

मी चौथीत असताना आई गेली. त्यानंतर माझ्या शाळेच्या डब्यापासून पदवीच्या फीपर्यंत सारे आत्याने पाहिले. त्यामुळे या अभिप्रायात तटस्थपणा शोधू नये.

अँजिओग्राफी झाल्यावर लगेच शस्त्रक्रिया होईल, अशी आमची समजूत होती. परंतु गावाकडच्या डॉक्टरांनी सुरू केलेली क्लोपिडोग्रेलची गोळी रक्त गोठण्यास अटकाव करते आणि तिचा परिणाम उतरण्यास साधारण 5 दिवस लागतात, म्हणून थांबावे लागले. हे कारण आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘वेळ लागेल, थांबा’ एवढेच ऐकून ज्यांनी रुग्णालयाच्या बाकड्यांवर रात्री काढल्या आहेत, त्यांना तिचे मोल कळेल.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी शल्यविशारद आत्याच्या खाटेशी येऊन बसले आणि त्यांनी संमतिपत्र पुढे करण्याआधी तिला विचारले, “आजी, पाट बुजला तर तुम्ही पिकाला पाणी कसे देता?” शेजारून नवी चारी काढतो, असे आत्या म्हणाली. पायातील एक शीर आणि छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी वापरून आपण हृदयाला तशाच चाऱ्या काढून देणार आहोत, असे त्यांनी समजावले. त्यावर आत्याने विचारले, “मग पायाच्या पाण्याचे काय?” डॉक्टर हसले, पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. काढली जाणारी शीर त्वचेलगतची असते, ती पायाला रक्त पुरवत नाही, तर पायातून परत नेते, आणि ते काम आतल्या खोल शिरा सांभाळतात, हे त्यांनी तिला पटेपर्यंत सांगितले. अंगठा उठवण्याऐवजी आत्याने सही केली.

शस्त्रक्रिया जवळजवळ 5 तास चालली. संध्याकाळी कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी निघाली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तो जरा लवकरच. दुसऱ्या रात्री आत्या नळ्या ओढू लागली, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणू लागली, मला न ओळखता ‘म्हैस दावणीला बांधली का’ असे विचारू लागली. तिचे डोके कायमचे बिघडले, या भीतीने माझे हातपाय गळाले. रात्रपाळीच्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांचे मराठी मोडके असले तरी सांगणे स्पष्ट होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर माणसांना असा भ्रम होऊ शकतो, झोपमोड आणि औषधे त्याला हातभार लावतात, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी विचारले, “चष्मा कुठे आहे? दातांची कवळी?” दोन्ही वस्तू शस्त्रक्रियेआधी आमच्याच हाती दिलेल्या होत्या आणि पिशवीच्या तळाशी पडल्या होत्या. ज्या बाईला चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही, तिला यंत्रांच्या आवाजात दोन दिवस धूसर जगात निजवले होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते. सिस्टरांनी चष्मा चढवला, घड्याळ दिसेल अशी खाट वळवली आणि येता-जाता त्या तिला वार व वेळ सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला पाहून दाढी का वाढवलीस, असे विचारले. मला एवढ्या आनंदाने कुणी क्वचितच रागावले असेल.

फिजिओथेरपिस्टही चोख होते. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढणे, खोकताना उशी छातीशी घट्ट धरणे आणि घरी सोडण्यापूर्वी एक जिना चढून दाखवणे, या सगळ्यात त्यांनी सूट दिली नाही. खर्चाचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाकडे, पहिल्याच दिवशी जावे.

तक्रार आहे ती घरी सोडण्याच्या दिवसाची. सकाळी 11 वाजता ‘आज जा’ म्हटले आणि कागद हाती पडेपर्यंत साडेसहा वाजले; ताजी जखम घेऊन आत्या तेवढा वेळ खुर्चीत बसली होती. सारा तपशील इंग्रजीत होता. आहाराच्या छापील तक्त्यात ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली होती, ज्वारीची भाकरी कुठेही नव्हती. जे डॉक्टर पाटाच्या पाण्यावरून बायपास समजावतात, त्यांच्याच रुग्णालयात हा तक्ता कोण छापतो, हे मला कोडेच आहे.

सहा आठवड्यांनी तपासणीसाठी गेलो, तेव्हा आत्याने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बरोबर घेतला होता. त्या सिस्टरांची रात्रपाळी 8 वाजता सुरू होते असे कळल्यावर ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. लुगड्यात असल्यामुळे सिस्टरांना ती क्षणभर ओळखू आली नाही. डबा पोहोचला, गावाची शेवटची एसटी चुकली आणि परतीसाठी मला भाड्याची गाडी करावी लागली.