दर गुरुवारी एक चीजबर्गर : ८ महिन्यांनंतरचे गुण

आमच्याकडे गुरुवारी पाणी नसतं. भरून ठेवलेल्या बादल्या दुपारपर्यंत पुरतात आणि संध्याकाळी आईचा फोन येतो, "आज भांडी पाडायची नाहीत, येताना काहीतरी घेऊन ये." गेल्या जुलैपासून हे 'काहीतरी' म्हणजे चीजबर्गर. एका मोठ्या साखळीचं दुकान ऑफिसातून येताना कोथरूडात वाटेवर लागतं. नाव घेत नाही, ज्याने त्याने आपापलं समजावं. सणवार वगळून तीसेक वेळा झालं असेल, म्हणून लिहायचा हक्क आपला आहे असं समजतो.

गुरुवारी आमच्या घरात चिकन येत नाही. त्यामुळे माझा चिकनवाला मी दुकानातच संपवायचा आणि आईचा व्हेज पार्सल, अशी वाटणी झाली. एकाच भट्टीतला माल, पहिला दोन मिनिटांत पोटात आणि दुसरा पंचवीस मिनिटांनी. एवढी तुलना कुणी मुद्दाम केली नसती.

दुकानात खाल्लेला बर्गर चांगला असतो. अगदी मनापासून सांगतो. पॅटीचं कव्हर कुरकुरीत, कांदा कच्चा आणि थंड, बन आतून भाजलेला. बन आतून भाजण्याला फार महत्त्व आहे. आपला दाबेलीवाला पाव लोण्यावर तव्याला दाबून धरतो तेच हे. भाजलेल्या बाजूला पापुद्रा धरतो आणि सॉस पावात मुरत नाही. घाईच्या वेळी इथली पोरं नेमकं हेच उरकतात, मग चौथ्या घासाला बनचा लगदा.

आता चीज. अमेरिकेत पॅटी गोमांसाची, ती बऱ्याच ठिकाणी सपाट तव्यावर भाजतात आणि तव्यावर असतानाच चीजची स्लाइस वर ठेवतात, म्हणून ती वितळून पॅटीला बिलगते. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं ते गोमांस वगळून, आणि इथल्या बहुतेक साखळ्यांची पॅटी चुरा लावून तळलेली असते. तळणीतल्या पॅटीवर चीज कसं ठेवणार? ते नंतर, बर्गर रचताना. म्हणजे वितळायला उष्णता मिळते ती फक्त पॅटीच्या अंगची. पॅटी तळणीतून नुकती निघालेली असेल तर स्लाइसचे कोपरे छान खाली वाकतात. गरम ठेवायच्या कपाटात पडून राहिलेली असेल तर पिवळा चौकोन जसाच्या तसा, फ्रीजमधून काढल्यासारखा. स्लाइस बिचारी निर्दोष असते. प्रोसेस्ड चीजमध्ये मुद्दाम असे क्षार घालतात की वितळताना तूप आणि पाणी वेगळं होऊ नये. ती वितळायला एका पायावर तयार असते, कुणी ऊब तर द्यायला हवी.

२०२४च्या फेब्रुवारीत नगरच्या बातमीनंतर आईने चीजची धास्ती घेतली होती. तिथल्या एका साखळीच्या दुकानावर अन्न व औषध प्रशासनाने चीजऐवजी वनस्पती तेलाचा चीजसदृश पदार्थ वापरल्याच्या आरोपावरून कारवाई केली होती, आणि आपण खरंच चीज वापरतो असं कंपनीचं म्हणणं होतं. मी तिला सांगितलं, अगं, आपल्या मंचरला चीजचा कारखाना आहे, चीज काही विलायतेहून यायला नको. तिचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण तिने बर्गर सोडला नाही.

पार्सलचं मात्र वाटोळं होतं. कागदात गुंडाळल्यावर वाफ आतच कोंडते, कुरकुरीत कव्हर मऊ पडतं, बन ओलसर होतो. त्यात कर्वे पुतळ्याचा सिग्नल आणि स्कूटरची डिकी. घरी पोचेपर्यंत वितळलेलं चीज पुन्हा गोठून कागदाला चिकटलेलं. एकदा तर आत चीजच नव्हतं. परत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "सर, घरून आणलेल्याचं आम्हाला काही करता येत नाही." चीजचे पैसे बिलावर होते की हो! घरपोच मागवून पाहिला, तोही असाच आणि वर महाग. तो विषय संपला.

मी काढलेली युक्ती अशी : "दादा, घाई नाही, पॅटी ताजी तळा" एवढं म्हणायचं आणि सहा-सात मिनिटं थांबायचं. दहातल्या आठ वेळा उपयोग होतो. मेयोनीज मात्र अर्धं करायला सांगा, नाहीतर चीजची चवच लागत नाही.

(कॅम्पातलं आपलं १९९२ पासूनचं बर्गर किंग या तुलनेत धरलेलं नाही. नावावरून अमेरिकन कंपनीने केलेला त्यांच्यावरचा दावा ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या कोर्टाने फेटाळला आणि डिसेंबरात हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली होती, पण त्या मनाईला मार्च २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. तिथे जायचं ते निवांत, गुरुवारची सोय म्हणून नाही.)

गुण : दुकानात, ताज्या पॅटीचा ७.५. कपाटातल्या पॅटीचा ५. पार्सल ३, तोही भुकेला.

मागच्या गुरुवारी आईला स्कूटरवर मागे बसवून दुकानातच घेऊन गेलो. तिने पहिला घास घेतला, चीजची तार बोटाने तोडली आणि विचारलं, "रोज आणतोस तो हाच?"

"हाच."

"मग इतके महिने मला काय खायला घातलंस रे?"