नौपाड्यातील दुकानातून घेतलेले गोल्डफिशचे खाद्य
नौपाड्यातील एका मत्स्यालयाच्या दुकानातून महिन्यापूर्वी घेतलेले, पाण्यात हळूहळू बुडणाऱ्या बारीक दाण्यांचे हे खाद्य मला एकंदरीत पसंत पडले. गोल्डफिश हा कार्प कुळातील मासा असून त्याला खरे जठर नसते. त्यामुळे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) यांच्या साहाय्याने होणारे प्रथिनांचे प्राथमिक पचन त्याच्या शरीरात होत नाही, आणि घशातील दातांनी चुरडलेले अन्न थेट लांब आतड्यात जाऊन ट्रिप्सिनसारख्या विकरांच्या स्वाधीन होते. अन्न साठवायला पिशवीच नसलेल्या अशा प्राण्यापुढे एकाच वेळी मूठभर दाणे टाकणे म्हणजे खाद्य वाया घालवून पाणी नासवणे होय. म्हणूनच ‘दिवसातून एकदा भरपूर द्यावे’ ही पाकिटावरील सूचना मला चुकीची वाटते. मी चिमूटभर खाद्य तीनदा देतो आणि पाणी नितळ राहते. दाणे मऊ पडतात, पण लगेच विरघळत नाहीत, ही जमेची बाजू आहे. पाकीट पुन्हा बंद करण्याची सोय मात्र नाही, आणि ठाण्याच्या पावसाळी हवेत ते आठवड्याभरातच सादळू लागले. उरलेले मी पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आहे, जे घरात अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.