हमी भाड्याचा तक्ता आणि त्यामागचा खरा हिशेब

भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या सदनिकेच्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. ती ज्या परताव्याच्या तक्त्याच्या आधारे करण्यात आली, तसे तक्ते अजूनही गुंतवणूकदारांच्या हाती ठेवले जातात, म्हणून त्यातील आकडे कसे रचलेले होते ते येथे सविस्तर मांडत आहे.

विक्रेत्याने एका कंपनीमार्फत पहिली 3 वर्षे खरेदी किमतीच्या 8 टक्के वार्षिक भाड्याची लेखी हमी दिली होती आणि भाडेकरू असो वा नसो, ती रक्कम दरमहा खात्यात जमा होत होती. मुदत संपल्यावर मात्र खुल्या बाजारात त्याच सदनिकेला निम्मेच भाडे येऊ लागले. चौकशी केली तेव्हा समजले, की त्याच इमारतीतील तशाच सदनिका हमी न घेणाऱ्यांना बऱ्याच कमी किमतीत विकल्या गेल्या होत्या. बाजारभाव 100 आणि मला लावलेली किंमत 125 धरली, तर हमीपोटी वर्षाला 10 मिळत होते. त्यांपैकी 5 हे खरे भाडे होते आणि उरलेले 5 विक्रेता भरत होता. 3 वर्षांत त्याने असे 15 भरले, पण 25 तर माझ्याकडून आधीच जास्त घेतलेले होते. भाडे म्हणून मला माझेच पैसे परत मिळत होते आणि तरीही 10 त्याच्याकडे उरले.

तक्त्यात 12 महिने भाडे धरलेले होते आणि भागाकार केवळ खरेदी किमतीने केलेला होता. प्रत्यक्षात मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली व किरकोळ कामे धरून गुंतवणूक 135 पर्यंत गेली. वर्षातील एक महिना घर रिकामे राहिले आणि देखभाल, मालमत्ता कर, विमा व दुरुस्तीत भाड्याचा चौथा हिस्सा गेला, की 5 पैकी हाती साधारण 3.3 उरतात. हा परतावा अडीच टक्क्यांच्या आत आहे. सगळी गुंतवणूक कर्जातून केलेली असेल आणि व्याजदर याहून जास्त असेल, तर दरवर्षी पदरमोड करावी लागते.

सर्वांत मोठी दिशाभूल तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होती. तेथे किंमत दरवर्षी 10 टक्क्यांनी आणि भाडे 5 टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरून 10 वर्षांनंतरची विक्री दाखवली होती. या दरांनी किंमत 2.59 पट होते, तर भाडे 1.63 पट, म्हणजे मला 8 टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या त्याच तक्त्यानुसार पुढच्या खरेदीदाराने जेमतेम 5 टक्क्यांवर समाधान मानायचे होते. एकूण परताव्याचा मोठा भाग याच काल्पनिक विक्रीतून आलेला होता.

हमी देणारी ही कंपनीही विक्रेत्याहून वेगळी, नुकतीच स्थापन झालेली होती आणि तिने कोणतेही तारण दिलेले नव्हते, त्यामुळे तिने हप्ते मध्येच थांबवले असते तरी वसुलीसाठी हाती काही लागले नसते. अशी योजना समोर आल्यास हमीशिवायची किंमत लेखी मागावी, त्याच इमारतीतील चालू भाडेकरारांची रक्कम प्रत्यक्ष भाडेकरूंकडून पडताळावी, आणि ही दोन्ही उत्तरे मिळेपर्यंत टोकन रक्कमही देऊ नये.